भाकरीचं प्रॅक्टिकल

भुकेवर विद्यापीठात अभ्यासक्रम असतो, हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी भज्यांच्या कागदावरून कळलं.

मिरजगावच्या पुढे हायवेला आमचं जेवणाचं हॉटेल आहे. एका दुपारी गिऱ्हाइकाला भजी बांधून द्यायला रद्दीचा पेपर ओढला, तर त्यावर जाहिरात: अन्नव्यवस्था आणि भूक, दोन वर्षं, वर्ग शनिवार-रविवार, वयाची अट नाही. मी तो कागद घडी करून खिशात घातला आणि गिऱ्हाइकाला दुसऱ्या कागदात भजी दिली. तरुणपणी मी बी.ए. झालो होतो. त्या पदवीचा उपयोग तोवर फक्त लग्नपत्रिकेत झाला होता.

बायको आत भाकरी थापत होती. हॉटेलातल्या भाकऱ्या तीच करते. मी जाहिरात वाचून दाखवली.

"भूक शिकायला विद्यापीठात?" ती म्हणाली. "त्यापरीस दुपारी एक वाजता गल्ल्यावर बसा की. येनारा परत्येक मानूस शिकवंल."

"गिऱ्हाइकाची भूक वेगळी, अभ्यासाची वेगळी."

"अभ्यासाची कशी आसती?"

"तेच शिकायला चाललोय."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि अट घातली. "जावा. पन एकदाच. नापास झालात तर पुन्ना त्या विद्यापीठाचं नाव ह्या घरात काडायचं न्हाई." मी कढईवर हात ठेवून शपथ घेणार होतो, पण कढई तापलेली होती. तोंडीच कबूल केलं.

विद्यापीठात पहिल्या दिवशी मी वर्गात शिरलो, तर एका मुलानं विचारलं, "काका, चहा कधी येणार?" त्याला मी कॅन्टीनचा माणूस वाटलो होतो. "दहा मिनिटांत," असं सांगून मी त्याच्याच शेजारी बाकावर बसलो, वही काढली आणि पेनाचं टोपण उघडलं. त्या पोराचा चेहरा आजही आठवला की माझी सकाळ चांगली जाते. दहा मिनिटांनी मी बाहेर जाऊन सगळ्या वर्गासाठी खरोखर चहा सांगून आलो, आणि त्या दिवसापासून वर्गाचा काका झालो.

पहिलं वर्ष मजेत गेलं. खरा खेळ सुरू झाला दुसऱ्या वर्षी. प्रत्येकानं एक वस्ती निवडायची, घरोघरी जाऊन फॉर्म भरायचा आणि कोण किती उपाशी राहतं ते शोधायचं. माझ्या गाइड मॅडम तिशीच्या होत्या, चणीनं बारीक. आवाज इतका मऊ की त्या रागावल्या होत्या हे मला घरी पोचल्यावर कळायचं. त्या म्हणाल्या, "काका, फॉर्म महिनाअखेर माझ्या टेबलावर हवेत. त्यावर माझी सही झाली तर तुम्ही पास. नाही झाली तर वर्ष गेलं."

मी कर्जत आणि जामखेडच्या मधली एक वस्ती धरली. जमीन कोरडवाहू, बहुतेकांचं घर रोजंदारीवर चालतं. शेतकरी आहेत, मजूर आहेत, दोन-चार ख्रिस्ती कुटुंबं आहेत. मी शर्ट खोचला, गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र अडकवलं आणि पहिल्या घरात शिरलो. घरमालक खाटेवर बसले होते.

"गेल्या महिन्यात घरात अन्न पुरेल की नाही अशी काळजी वाटली का?" मी फॉर्मवरचा पहिला प्रश्न वाचला.

"काळजी तर लई हाय. बोरचं पानी गेलंय, पोरगी लग्नाला आलीया, म्हशीला ताप हाय."

"अन्नाची काळजी?"

"ती कशाला? आन्न हाय की." त्यांनी आत हाक मारली, "अगं ए, पावन्याला ताट कर."

"एखाद्या दिवशी जेवण टाळावं लागलं का?"

"व्हय. चतुर्थीला."

"उपवास सोडून? अन्न नाही म्हणून?"

त्यांनी माझ्या पोटाकडं शांतपणे बघितलं. "तुमच्यावर आली हुती का कधी तशी येळ?"

तेवढ्यात ताट आलं. दोन भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, फोडलेला कांदा. आता 'नको' हा शब्द आमच्याकडं जेवणाचाच भाग आहे. तीनदा नको म्हणायचं आणि चौथ्यांदा हात धुवायला उठायचं. मी तसंच केलं. पिठलं असं होतं की माझ्या हॉटेलात ठेवलं असतं तर हायवेवरच्या गाड्या वळल्या असत्या. ढेकर देऊन फॉर्मवर लिहिलं: अन्नाची टंचाई, नाही.

त्या दिवशी चार घरं केली आणि चारही घरी जेवलो. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा चार. विजारीच्या हुकानं मान टाकली.

पहिला गठ्ठा घेऊन मॅडमकडं गेलो. त्यांनी एकेक फॉर्म चाळला. "काका, या वस्तीत कुणीच उपाशी नाही?"

"कुणी नाही. मी स्वतः खात्री केली."

"कशी?"

"जेवून."

त्यांची नजर माझ्या शर्टाच्या ताणलेल्या गुंडीवर थांबली. "फील्डवर्क अंगी लागलंय," त्या मऊ आवाजात म्हणाल्या. "यापुढं कुणाच्या घरी जेवू नका. ज्यांची भूक मोजायची त्यांच्याच ताटावर बसून ती मोजता येत नाही."

न जेवता वस्तीवरून परत येणं ही किती अवघड कला आहे, हे मला त्यानंतर समजलं. एका घरी मी सांगितलं, आज माझा उपवास आहे. घरातल्या बाईंनी लगेच भगर टाकली, शेजारून साबुदाणा आणवला, दाण्याची आमटी केली. तासभर तीन बायका माझ्या उपवासासाठी राबल्या आणि मी नेहमीच्या दुप्पट जेवलो. पुढच्या घरी म्हटलं, जेवून आलोय. "कुनाकडं?" असा प्रश्न आला आणि मी बेसावधपणे शेजारच्या घराकडं बोट दाखवलं. "त्यांच्याकडं जेवता, आन आमचं काय वाईट हाय? काय केलं हुतं त्यांनी? पिठलं? बसा, आमी आमटी केलीया." तिसऱ्या घरी पोट बिघडल्याचं सांगितलं. तिथं ओवा मिळाला, मग ताक मिळालं आणि मग पोटाला हलका म्हणून मऊ भात, त्यावर तूप. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "आजारी पडायला मला बी घिऊन चला एकदा."

मग मला सुचली ती युक्ती सगळ्यात हुशारीची होती, आणि सगळ्यात वाईट ठरली. मी घरून डबा नेला.

वस्तीच्या टोकाला एका काकींचं घर होतं. वय साठीच्या आसपास. मुलगा कामाला बाहेरगावी, घरात त्या, त्यांची सून आणि दोन लहान नाती. काकी चुलीपुढं बसल्या होत्या, हात पिठात होते. मी उंबऱ्याच्या आत बसलो, म्हणालो, "काकी, तुम्ही त्रास घेऊ नका, मी माझा डबा खातो, मग प्रश्न विचारतो," आणि डब्याचं झाकण उघडलं.

काकींचे हात थांबले. सून दारात होती, ती खाली बघायला लागली.

"आमच्या घरचं चालत न्हाई व्हय तुमाला?" काकी म्हणाल्या.

आमच्या भागात हा प्रश्न पोटाचा नसतो, जातीचा असतो. तो विचारताना काकींचा आवाज चढला नाही, हेच मला जास्त लागलं. आयुष्यात मी खूप नाटकं केली आहेत, हे तिथंच आवरलं. डबा बंद करून पिशवीत कोंबला. म्हणालो, "चुकलो, काकी. वाढा." दोन भाकरी खाल्ल्या, आणि मनापासून माफी मागायची म्हणून वर अर्धी मागून घेतली. काकींचा चेहरा निवळला. मी प्रश्न विचारले, उत्तरं नेहमीचीच मिळाली: सगळे पोटभर जेवले, होय. खुश होऊन निघालो.

अर्ध्या वाटेवर लक्षात आलं की फॉर्मवरचा शेवटचा प्रश्न विचारायचा राहिला. परत फिरलो. दार उघडंच होतं. सासू-सून चुलीशी बसून कोरा चहा पीत होत्या. नाती बाहेर खेळत होत्या.

"तुम्ही जेवला नाहीत?" मी विचारलं.

"झालं की," काकी म्हणाल्या.

"कधी?"

"आत्ताच," सून म्हणाली.

परात धुऊन पालथी घातलेली होती. चूल विझत आली होती. भाकरीची दुरडी रिकामी होती, तळाला फडकं तेवढं. वीस वर्षं हॉटेल चालवल्यावर माणसाला दुसरं काही नाही तरी रिकामी दुरडी वाचता येते. त्या घरातल्या भाकऱ्या मोजून केलेल्या होत्या. मुलींना त्यांच्या वाट्याच्या मिळाल्या आणि बाकीच्या सगळ्या माझ्या पोटात होत्या, शेवटची अर्धी तर मी मागून घेतलेली. माझ्या हातातला फॉर्म सांगत होता की सगळे पोटभर जेवले. त्या खोलीत पोटभर जेवलेला मी एकटा होतो.

तो प्रश्न न विचारताच निघालो. मॅडमना सगळं सांगितलं, काही न लपवता. त्यांनी गठ्ठा माझ्याकडं परत सरकवला. मग म्हणाल्या, "सगळे फॉर्म रद्द. पुन्हा भरा. दहा दिवस उरलेत."

"पण मॅडम, जेवलो तर त्यांची भाकरी जाते आणि नाही जेवलो तर त्यांचा अपमान होतो. मी करायचं काय?"

"तेच शोधायला तुम्ही प्रवेश घेतलाय."

घरी आलो. बायको भाकऱ्या थापत होती. मी पाटावर बसून सगळी कहाणी सांगितली. तिनं मान वर न करता ऐकलं.

"तुमाला वाढनारी बाई खरं कसं सांगंल?" ती म्हणाली. "समोर तुमचं ताट आसताना घरात काय न्हाई म्हनलं तर तिनं वाढायचं कसं? तिला बसवा. ती जेवाय लागली की मंग इचारा."

"तिला बसवलं तर भाकरी थापणार कोण?"

आता तिनं मान वर केली आणि माझ्याकडं अशी बघत राहिली की मी आपोआप बाह्या वर केल्या.

पुढचे तीन दिवस माझ्या हॉटेलातल्या गिऱ्हाइकांनी जे सोसलं त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. माझ्या पहिल्या भाकरीत आख्खा नगर जिल्हा होता. जामखेडकडचा भाग तव्याबाहेर लोंबत होता. "थापताय का मारताय तिला?" बायको विचारायची. "तिनं काय घोडं मारलंय तुमचं?" तिसऱ्या दिवशी एक भाकरी गोल झाली. ती मी खाल्ली नाही. सगळ्यांना दाखवत फिरलो.

चौथ्या दिवशी ज्वारीचं पीठ आणि कालवणाचं सामान घेऊन काकींच्या दारात उभा राहिलो. वाटेत एक थाप रचून ठेवली होती, तिचं मला अजून कौतुक वाटतं.

"काकी, आमच्या विद्यापीठात भाकरीचं प्रॅक्टिकल आहे," मी म्हणालो. "मला भाकरी करून दाखवायची आहे आणि मार्क तुम्ही सगळ्यांनी द्यायचेत. सामान विद्यार्थ्यानंच आणायचं असा नियम आहे. दुसरा नियम असा, की मार्क देण्याआधी आख्खी भाकरी कालवणासकट खाल्ली पाहिजे. नुसती बघून मार्क दिले तर परीक्षा बाद."

काकींनी सुनेकडं बघितलं. सुनेनं तोंडाला पदर लावला. घटकाभरात वस्तीवरच्या बायका गोळा झाल्या आणि बाप्या माणूस चुलीपुढं बसलेला बघायला दारात दाटी झाली. काकींनी स्वतः सरपण लावून दिलं आणि भिंतीला टेकून परीक्षकासारख्या बसल्या. आठ पुरुषांच्या पंगतीसमोर न घाबरणाऱ्या माझ्याकडून दहा बायकांच्या समोर परातीत पाणी जास्तच पडलं.

"आरं देवा, ही भाकरी हाय का गोधडी?"

"कडा बघा की, उंदरानं खाल्ल्यावानी."

"फुगली का? न्हाई फुगली! काका, तुमी पहिल्या पेपरातच गेला."

"आसं म्हनू नगं, बायको घरात घ्यायची न्हाई त्यास्नी."

माझे हात पिठात होते, तेव्हा फॉर्म कोण भरणार? काकींची सून बारावी झालेली होती. ती म्हणाली, "द्या हिकडं." मी थापत थापत प्रश्न सांगायचे, तिनं लिहायचं. पहिली गरम भाकरी काकींच्या ताटात पडली, वर वांग्याचं कालवण. त्यांनी घास घेतला.

"काल दुपारी काय खाल्लं, काकी?" मी तव्याकडं बघतच विचारलं.

"काल दुपारी?" त्या चावत म्हणाल्या. "काल दुपारी काय न्हाई. चा घेतला."

सुनेचं पेन थांबलं. "आत्या," ती सासूला म्हणाली, "तुमी तर म्हनला जेवले. मी रानातनं आले तवा तुमी म्हनला, माझं झालं, तू खा."

"तू बी सकाळी तेच म्हनली हुतीस की."

"म्या खाल्लं हुतं."

"खाल्लं हुतं म्हनं! दुरडीत दोन ठिवून गेल्ते, आले तवा बी दोनच हुत्या."

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. एकाच चुलीवर जेवणाऱ्या या दोन बायका, आणि रोज एकमेकींना फसवत होत्या. दारातल्या बायका पुढं सरकल्या. मीही थापायचा थांबलो.

"करपली! करपली!" मागून कुणीतरी ओरडलं. तव्यावरून धूर निघत होता.

"पाच मार्क कापा!"

सगळ्या हसल्या, आणि त्यानंतर काहीतरी मोकळं झालं होतं. एक म्हणाली, "माझं बी लिव्ह. परवा सकाळी न्हाई, काल संध्याकाळी न्हाई." दुसरी म्हणाली, "माझं आठवड्याचं लिव्ह, दिवसाचं काय लिवतीस." बायका ताट धरून बसत होत्या, खात होत्या आणि सांगत होत्या. मी थापत होतो. दोन दिवस मी त्या चुलीपुढं बसलो. हाताला फोड आले, डोळ्यांत धूर गेला, आणि फॉर्म भरले. त्या दोन दिवसांत माझ्या ताटाचं नाव कुणी काढलं नाही, कारण परीक्षा चालू असताना विद्यार्थ्याला कोण वाढतं?

मॅडमनी नवे फॉर्म वाचले. चष्मा काढून पुसला. "हे खरे आहेत. कसं केलंत?"

मी उभा राहून सगळं करून दाखवलं, करपलेल्या भाकरीसकट. त्या इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतले सर डोकावून गेले. हसून झाल्यावर पुन्हा तो मऊ आवाज.

"काका, पण परीक्षेची थाप मारून घेतलेली उत्तरं मला चालणार नाहीत. वस्तीवर जा आणि त्यांना खरं सांगा. त्या नको म्हणाल्या तर फॉर्म फाडून टाकायचे."

"आणि वर्ष?"

"वर्ष जाईल. दोन दिवस आहेत."

एसटीत बसलो तेव्हा पिशवीतला गठ्ठा मांडीवर घेतला होता. फाडायला लागला तर एका झटक्यात फाटणार नाही, एवढा जाड होता. बायकोसमोर काय तोंड करायचं याची मी खिडकीपाशी तालीम करत होतो. एकही संवाद जमला नाही.

काकी आणि सून शेंगा फोडत बसल्या होत्या. आजूबाजूच्या तिघी-चौघी होत्या. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "काकी, मी खोटं बोललो. विद्यापीठात भाकरीची परीक्षा नसते. तुम्ही खरं सांगावं म्हणून मी थाप मारली. आता तुम्ही म्हणाल तर हे सगळे कागद तुमच्यापुढं फाडतो."

 काकींनी आणखी एक शेंग फोडली.

"आमाला काय येडं समजला व्हय?" काकी म्हणाल्या. "बाप्याला भाकरीची परीक्षा ठिवनारं विद्यापीठ आजून निघायचं हाय. पहिल्या भाकरीलाच कळलं हुतं आमाला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो आसतो तर तुमी थापायचं थांबला आसता," सून म्हणाली. "बसल्या जागी गरम भाकरी कवा मिळती?"

सगळ्या खदखदून हसल्या आणि मी, जन्मभर इतरांना बनवणारा माणूस, दाराला टेकून उभा राहिलो. आठ-दहा बायकांनी मिळून दोन दिवस माझ्याकडून भाकरी थापून घेतली होती, आणि वर मार्कही कापले होते.

मग काकी गंभीर झाल्या. "एक इचारते. ह्या कागदावर आमची नावं हायती का?"

"नाहीत. मॅडमनाही कळणार नाही कोणाचं कोणतं घर."

त्यांनी हातातल्या शेंगा सुपात टाकल्या आणि विचार केला. मी गठ्ठा दोन्ही हातांनी धरून उभा होतो.

"मंग न्या," त्या म्हणाल्या. बाकीच्यांनीही माना हलवल्या.

"थांबा," सून म्हणाली. "आमच्या घरचा कागद काडा आदी. दुरुस्त करायचा हाय. आत्यांनी उपाशी राहिलेल्या दोन येळा कमी सांगितल्यात. त्या दिवसापास्नं मी मागच्या दुरडीचा हिशेब लावतीया."

"हिचं बी दुरुस्त करा," काकी म्हणाल्या. "हिनं मंगळवारचं सांगितलंच न्हाई."

"तुमी मंगळवारी कुटं हुता घरात?"

"दुरडी हुती की घरात."

त्यांचं असं बराच वेळ चाललं. प्रत्येकीला दुसरीचं खरं लिहायचं होतं आणि स्वतःचं झाकायचं होतं. मी मध्ये बसून खोडत होतो, लिहीत होतो, पुन्हा खोडत होतो. शेवटी दोघींनी कागद डोळ्यांखालून घातला आणि माझ्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी, मुदतीच्या दिवशी, तो गठ्ठा मॅडमच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वरचाच कागद उचलला. खाडाखोडीनं तो काळा झाला होता.

"हे कुणी दुरुस्त केलं?"

"सासूचं सुनेनं, आणि सुनेचं सासूनं."

मॅडमनी तो कागद पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचला, पेन काढलं आणि सही केली.